मोठ्यांची यादी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याहून समुद्र कुठल्याही बाजूने लांबच. पण अंधारी नदीचे पाणी वैनगंगेला जाते, वैनगंगेचे प्राणहितेला, प्राणहितेचे सिरोंच्याजवळ गोदावरीला आणि गोदावरीचे बंगालच्या उपसागराला. म्हणजे वाट आहे. पहिली नोंद इथल्याच एका जुन्या समुद्राची. पुढची यादी त्याच वाटेने लिहिली आहे: आधी नदी, मग समुद्र, शेवटी बेटे. पाण्यात होते आणि मोठे होते, एवढेच यादीत घेतले. काही पार गेले. काही अजून आहे, पण मोठे उरले नाही.

समुद्र

चंद्रपूर जिल्ह्याला समुद्र होता. राजुरा, कोरपना, गडचांदूर या पट्ट्यातला चुनखडक त्याच समुद्राच्या तळाचा गाळ आहे. वय शंभर कोटी वर्षांच्या घरात. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकांना पैनगंगा गट म्हणतात. त्या समुद्रात कोणी बुडी मारली असती तर हात हलवत वर आला असता. मासा नव्हता, कासव नव्हते, शिंपलासुद्धा नव्हता. जीव होते ते नुसत्या डोळ्यांना न दिसणारे. आज त्या तळाचे सिमेंट होते आणि पोत्यांत भरून मालगाडीने जाते. या यादीतली एवढीच एक गोष्ट माणूस यायच्या आधी गेली. बाकी सगळे आपल्यादेखत.

डोह

उन्हाळ्यात नदी रेतीत जिरते, डोह तेवढा राहतो. मोठा मासा उन्हाळा तिथेच काढतो आणि पहिल्या पुराला बाहेर पडतो. डोह भरला, की मोठ्या माशाचे घर गेले. लहान मासे कुठेही भागवून घेतात.

डोह दोन तऱ्हांनी जातो. एक, गाळाने. दुसरी, बंधाऱ्याने. बंधाऱ्यामागे पाणी खूप दिसते, पण ते सपाट आणि थांबलेले असते. वर वैनगंगेवर गोसीखुर्दला धरण आहे. त्याची पायाभरणी १९८८ साली झाली. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला येते. त्या पाण्यात जलपर्णी वाढते आणि मासा कमी होतो.

डोह देवाचा असला तर टिकतो. रायगडात काळ नदीवर वाळणकोंड आहे. वरदायिनीच्या भीतीने तिथले महाशीर कोणी धरत नाही, म्हणून ते अजून हातभर लांब दिसतात. मत्स्यविभागाचा फलक लावून जे होत नाही ते तिथे देवीच्या एका नावावर होते.

पायाने मासा ओळखणारा

नदीकाठच्या एका गावातला म्हातारा धीवर. गळ नाही, जाळे नाही. गळ्यापर्यंत पाण्यात उतरतो आणि काठाकाठाने सरकतो. काठाच्या पोटात अर्जुनाच्या मुळ्या असतात आणि मुळ्यांच्या आत बिळे. ती तो पायाच्या अंगठ्याने चाचपतो. एका ठिकाणी थांबतो. दम घेतो. खाली जातो. वर पाणी जसेच्या तसे, फक्त थोडा गढूळ ढग उठतो. शेपटीकडे हात गेला तर मासा सुटतो, म्हणून हात पोटाखालून डोक्याकडे न्यायचा. माशाला झाडाची मुळीच अंगाला लागते आहे असे वाटेल इतका सावकाश. बोट कल्ल्यात अडकले की मग घाई. तो वर येतो तेव्हा आधी मासा दिसतो, मग माणूस.

त्याला विचारले, इतका मोठा कसा सापडतो? म्हणाला, “पोहताना नाही सापडत गा. तो बसते कुठं, ते माहीत पाहिजे.”

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून बुडी मारणे, शिकवताना पहिला नियम सांगतात, श्वास कधीही रोखू नका. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते आणि जिवावर बेतते. धीवराच्या पाठीवर टाकी नाही, म्हणून त्याचा नियम नेमका उलटा. पण दोघांचे काम एकच आहे. मोठा जीव राहतो तिथे आपण जायचे. तो आपल्याकडे येणार नाही.

या म्हाताऱ्याचा मुलगा जाळे टाकतो. नातू हंगामात तेलंगणात मिरची तोडायला जातो. गावात खोल बुडी मारणारे आहेत तेवढ्यांना आता निरोप येतो तो बहुधा बुडालेला माणूस काढायचा असला म्हणजे.

मऊ पाठीचे कासव

द्वीपकल्पातल्या नद्यांचे मोठे कासव. पाठ कातड्याची, नाकाची नळी पुढे आलेली. मुंबईतले डॉक्टर लीथ यांचे नाव त्याला १८७२ साली मिळाले. पाठ दोन फुटांपर्यंत वाढते. रेतीत अंग पुरून फक्त नाक वर ठेवते, त्यामुळे शेजारून जाणाऱ्यालाही कळत नाही. आज ते अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे आणि कायद्याने त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे.

अंडी काठावर घालते. काठाच्या रेतीचा लिलाव होतो. रेतीघाटावर ट्रॅक्टर उतरतात, पोकलेन उतरते. वाघाच्या वाटेवर रस्ता करायचा तर परवानग्या लागतात, बातम्या होतात. कासवाची वीण ट्रॉलीत भरून गेली, तर त्याचा पंचनामा होत नाही.

हातभर मरळ

पूर्व विदर्भातले तलाव गोंड राजांच्या काळातले. कोहळी समाजाने बांधले, मालगुजारांनी सांभाळले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. तेव्हापासून ते माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया मिळून ते हजारोंनी आहेत.

त्यांतली मोठी मासळी म्हणजे मरळ. हिला पाण्यातल्या हवेवर भागत नाही. थोड्या थोड्या वेळाने वर येऊन तोंडाने हवा घ्यावी लागते. वर येते तेव्हा आवाज होतो. जाणता माणूस पाळीवर बसून आवाजावरून मासळी केवढी ते सांगतो. पावसाळ्यात पिले निघाली की पाण्यावर कुंकू सांडल्यासारखा तांबडा थर सरकताना दिसतो. त्याच्या खाली आईबाप असतात. पिलांजवळ बेडूक आला, तरी चावायला धावतात. गळवाल्याला हे माहीत असते. तो तांबड्या थरातच गळ टाकतो. आईबाप जातात आणि थर दोन दिवसांत इतर माशांच्या पोटात जातो.

आता तलावात रोहू, कतला, मिरगलचे बीज सोडतात. सोसायटीला ठेका भरायचा असतो, व्यापाऱ्याला किलो-दीड किलोचा मासा हवा असतो. मोठा होईपर्यंत थांबायला कोणाला परवडत नाही. भंडारा-गोंदियात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने धीवर बायामाणसांना बरोबर घेऊन काही तलावांतली बेशरमची झुडपे उपटली, पाणवनस्पती पुन्हा लावल्या, स्थानिक मासे परत आणले. म्हणजे होऊ शकते. थांबावे मात्र लागते.

डोंगा

एका झाडाचे खोड कोरून डोंगा होई. तेवढ्या घेराचे झाड आता तोडायला मिळत नाही आणि कोरणारा हातही मिळत नाही. आज डोंगा म्हणतात तो बहुतेक वेळा फळ्यांचा किंवा पत्र्याचा.

२३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत डोंगा उलटला. मिरची तोडायला अलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात यायला निघालेल्या सहा बाया बुडाल्या. नदीने जीव घेतला असे लिहून आले. खरे तर कामाला नदीपलीकडे जावे लागते आणि जायला डोंगाच असतो. पाण्यातले मोठे पाहायला पैसे देऊन उतरणारे वेगळे. पोटासाठी रोज पाण्यावर येणारे वेगळे. दोघांना बोलायला एक नदी असली तरी एक भाषा नसते.

अहीर

गोदावरीच्या खोऱ्यातला सापासारखा लांब मासा. मोठा अहीर वार-सव्वा वार भरतो. हा मासा नदीत राहतो, नदीत वाढतो, पण अंडी घालायला समुद्रात जातो. तेही किनाऱ्याजवळ नव्हे, हिंदी महासागरात खोल. तिथे जन्मलेले काचेसारखे पारदर्शक पिलू प्रवाहाबरोबर नदीमुखाशी येते आणि नदी चढू लागते. वर्षानुवर्षे गोड्या पाण्यात काढतो, मग एका पावसाळ्यात खाली निघतो तो परत न येण्यासाठी.

त्याच्या वाटेत आज काय काय आहे: वैनगंगेवर चिचडोह बंधारा. गोदावरीवर मेडिगड्डा, २०१९ मध्ये वाजतगाजत सुरू झालेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. पुढे पोलावरम. शेवटी धवळेश्वरम, १८५२ साली आर्थर कॉटनने पुरा केलेला. हिलसा समुद्रातून येतो तो त्याच बंधाऱ्याशी अडतो. आंध्रात त्याला पुलसा म्हणतात आणि एकेका माशाला हजारो रुपये मोजतात. अहिराचे पिलू ओल्या भिंतीवरून सरपटत चढू शकते. पण भिंतीची उंची आणि संख्या वाढत गेली, तर पिलाने तरी किती चढायचे.

वैनगंगेत समुद्र माहीत असलेला हा एक रहिवासी होता. तो जातो तेव्हा नदीचे दुसरे टोक तुटते.

करवत मासा

इथून यादी खाऱ्या पाण्यात उतरते.

पाकटाच्या कुळातला मासा. नाकाऐवजी लांब पट्टी आणि पट्टीला दोन्ही बाजूंनी दाते. चिखल उकरायला आणि माशांचा थवा झोडपायला निसर्गाने दिलेले हत्यार. नायलॉनचे जाळे आल्यावर तेच हत्यार त्याच्या मुळावर आले. बाकीचा मासा जाळ्यातून निसटू शकतो. याचे दाते आधी अडकतात आणि जितका झटतो तितका गुंततो. २००१ पासून कायद्याचे संरक्षण आहे. २०१८ च्या सुरुवातीला मालवणजवळ जाळ्यात एक सापडला, सुमारे वीस फुटी, सातशे किलोच्या घरातला. बातमी झाली, कारण कोळ्यांच्या नव्या पिढीतल्या अनेकांनी तो पहिल्यांदाच पाहिला. जुन्या घरांत त्याची करवत भिंतीला दिसते.

बॅरल

व्हेल शार्क. आजचा सगळ्यात मोठा मासा, अठरा मीटरपर्यंत वाढणारा, आणि खातो काय तर प्लवक, अंडी, बारीक मासळी. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याला मारायला पिंपे बांधलेले हूक मारत, म्हणून त्याचे नावच ‘बॅरल’ पडले होते. पिंप पाण्याखाली जाऊ देत नाही, मासा दमतो, मग ओढून आणायचा. यकृताचे तेल काढून होड्यांना लावत. मांस परदेशी जाई. माइक पांडे यांच्या माहितीपटाने ही कत्तल लोकांपुढे आणली आणि मे २००१ मध्ये व्हेल शार्क वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. मग कथाकार मोरारी बापूंनी त्याला बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक म्हटले आणि वेरावळच्या खारवा मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून त्याला सोडायला सुरुवात केली. कायद्याला जे जमले नसते ते एका नात्याने झाले.

महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून असे संरक्षित जीव जिवंत सोडणाऱ्या मच्छीमाराला फाटक्या जाळ्यापोटी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. सोडताना फोटो किंवा व्हिडिओ काढावा लागतो. ही योजना चांगली आहे. मोठ्या प्राण्याला वाचवायचे तर गरिबाला तोट्यात टाकून वाचवता येत नाही, एवढे तरी सरकारने कागदावर मान्य केले.

आणखी एक गोष्ट इथेच नोंदवतो. हा मासा वयात यायला पंचवीस-तीस वर्षे घेतो. १९९५ मध्ये तैवानजवळ मारलेल्या एका मादीच्या पोटात तीनशे पिले निघाली. तेवढ्या एका भाल्यात किती गेले ते मोजून घ्यावे.

गोब्रा

मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाबाहेर होड्या उभ्या असतात. स्कूबाला आलेल्या पाहुण्याला पोहता येत नसले तरी चालते. तोंडात नळी, डोळ्यांवर काच, पाठीमागून प्रशिक्षकाने टाकीचा पट्टा धरलेला. खाली गेल्यावर कानात दडा बसतो, नाक दाबून हवा सोडली की मोकळा होतो. मग समोर पिवळे-काळे पट्टे. मासे इतके जवळ येतात, की काचेला थडकतात. ते का येतात, हे वर आल्यावर कळते: कोणाच्या तरी मुठीत पाव होता. फोटोत मासे भरपूर यावेत म्हणून.

त्या फोटोत नसतो तो गोब्रा. खडकाच्या कपारीत बसणारा, मोठ्या तोंडाचा, एका जागी वर्षे काढणारा. गोब्र्याच्या बहुतेक जाती मादी म्हणून जन्मतात; मोठे झाल्यावर त्यांतले काही नर होतात. म्हणजे मोठे मासे काढले की नरच काढले. उरलेल्या माद्या भरपूर दिसल्या तरी पुढची वीण लंगडी. मोठा मासा मारला तर लहान वाढतील, हा हिशेब गोब्र्याला लागू नाही.

मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. स्थानिक पोरे तिथे तयार झाली. ज्यांचे बाप जाळे ओढत ते आज पाहुण्याला खाली नेतात. रोजगार खरा आहे. पण पावाला जमणारी मासळी म्हणजे समुद्र नव्हे. धीवराचेच म्हणणे इथेही लागू: मोठा बसतो कुठे, ते माहीत पाहिजे. पाव टाकून तो येत नाही.

आंग्रिया

विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून आत, समुद्राच्या पोटात एक पठार आहे. माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर. पूर्वी बेट असावे तसे प्रवाळांचे पठार. नाव कान्होजी आंग्र्यांचे. किनाऱ्यावरून दिसत नाही, उथळ पाण्यासारखे गढूळ नाही, म्हणून आजवर टिकले. डिसेंबर २०१९ मध्ये शास्त्रज्ञांची तुकडी तिथे जाऊन पाहणी करून आली.

यादीत याला का घेतले? अजून गेले नाही म्हणून. महाराष्ट्राच्या पाण्यातले मोठे मासे अजून ज्या जागी निवांत असू शकतात अशा जागा फार नाहीत. १९९८, २०१० आणि २०१६ च्या तापलेल्या समुद्राने लक्षद्वीपची प्रवाळे पांढरी पडली, २०२४ मध्ये पुन्हा. पाणी तापते तेव्हा ते हद्द विचारत नाही.

अरबी समुद्राचा देवमासा

हम्पबॅक जातीचे देवमासे जगभर उन्हाळा-हिवाळ्याला हजारो मैल ये-जा करतात. अरबी समुद्रातला एक कळप मात्र इथेच राहतो, इथेच खातो, इथेच वितो. १९६६ मध्ये सोव्हिएत जहाजांनी याच समुद्रात २४२ हम्पबॅक मारले आणि आकडे लपवले. आता ओमानकडे शंभराच्या आत उरले असावेत, असा अंदाज आहे. त्यांतली लुबान नावाची मादी २०१७ मध्ये पाठीवर उपग्रहाचे यंत्र घेऊन ओमानहून निघाली आणि डिसेंबरात गोव्याच्या किनाऱ्याशी आली, तिथून दक्षिणेला केरळकडे गेली. तेव्हा पहिल्यांदा नकाशावर दिसले, की ओमानचा आणि आपला देवमासा एकच आहे.

आपल्याकडे देवमासा भेटतो तो बहुधा वाळूवर. जून २०१५ मध्ये रेवदंड्याला ब्ल्यू व्हेल, नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला एक पिलू. पिलाला लोकांनी रात्रंदिवस खपून पाण्यात लोटले. ते जगले नाही.

पोहणारा हत्ती

यादीतला हा एकच पाण्याचा नव्हे. अंदमानात लाकूड ओढायला मुख्य भूमीवरून हत्ती नेले. ओंडके ओढायचे आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचे तर समुद्र पोहायचा. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथली तोड रोखली आणि हत्ती रिकामे झाले. हॅवलॉक बेटावर, आताच्या स्वराज द्वीपावर, राजन नावाचा एक उरला. जगभरचे पाणबुडे त्याच्याबरोबर पोहायला येत; खालून पाहिले की चार खांब पाणी मारताहेत आणि वर सोंडेचे टोक हवेत. राजन २०१६ मध्ये गेला. समुद्रात पोहणारा तसला हत्ती पुन्हा होणार नाही, आणि होऊही नये. तो पोहायला शिकला तो हौसेने नव्हे.

गडचिरोलीकरांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. अहेरी तालुक्यात कमलापूरला वनविभागाचा हत्तीकॅम्प आहे. आलापल्लीच्या सागवानाचे ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांची पुढची पिढी. ते काम यंत्रांकडे गेले. आता लोक त्यांना पाहायला जातात. २०२२ मध्ये त्यांतले काही गुजरातला हलवायचे ठरले तेव्हा जिल्हा पेटून उठला. मोठे जनावर आपल्या ओळखीचे असले की माणसे त्याच्यासाठी भांडतात.

अंतर

मालदीवमध्ये बा नावाच्या प्रवाळवलयात हनिफारू उपसागर आहे. पावसाळी वाऱ्यात तिथे प्लवक कोंडते आणि मांटा पाकटे शेकड्याच्या आसपास गोळा होतात. पंखांचा पसारा तीन मीटर आणि वर. २०११ मध्ये तो भाग जैवावरण राखीव क्षेत्र झाला आणि नंतर तिथे टाकी लावून उतरायला बंदी आली. वरून, नळीने श्वास घेत पाहायचे. ठरलेली माणसे, ठरलेला वेळ. मालदीवने २०१० मध्ये शार्कची मासेमारीच बंद केली होती. हिशेब साधा होता: मेलेला शार्क एकदा विकला जातो, जिवंत शार्क रोज.

आपल्याकडे ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिचे बछडे पर्यटकांच्या गाड्यांमध्ये दोन्ही बाजूंनी अडकले. व्हिडिओ फिरला, कारवाई झाली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पाण्याखाली असे घडले तर व्हिडिओ काढणारा तोच असतो जो अडवतो. म्हणून मोठ्या जनावरापासून किती लांब राहायचे, हे होडीत बसण्याआधी ठरले पाहिजे.

ठिपके

ताडोबाच्या वाघांना नावे आहेत. माया म्हटले की नागपूर-चंद्रपुरातली शाळकरी पोरेसुद्धा तिची पिढी सांगतात. पट्टे जुळवून ओळखतात. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. व्हेल शार्कच्या पाठीवरचे पांढरे ठिपकेही तसेच. आकाशातल्या ताऱ्यांची छायाचित्रे जुळवायला खगोलशास्त्रज्ञांनी गणित केले होते, तेच २००५ मध्ये ठिपके जुळवायला लावले. आता कुठल्याही पाणबुड्याने काढलेला डाव्या कल्ल्यामागचा फोटो पुरतो. हा मासा पूर्वी कुठे, कोणाला दिसला होता ते निघते.

कोकणात २०२२ मध्ये ऑलिव्ह रिडले कासवांच्या पाच माद्यांच्या पाठीवर यंत्रे बसवली: प्रथमा, सावनी, वनश्री, रेवा, लक्ष्मी. पुढच्या वर्षी गुहागरहून बागेश्री निघाली आणि श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. अंधारीचे पाणी जिथे जाते तिथे. हजारो लोक तिचा ठिपका मोबाइलवर पाहत होते.

पण हे अपवाद. वाघाला आपण नावाने ओळखतो, माशाला किलोने. ज्याला नाव नाही त्याच्यासाठी मोर्चा निघत नाही.

लांबी

यादीतली शेवटची, आणि सगळ्यांच्या मुळाशी असलेली.

फ्लोरिडाच्या टोकाशी की वेस्ट नावाचे बेट आहे. तिथे हौशी गळवाले होडीवरून परतले की दिवसाचा सर्वात मोठा मासा फळीला टांगून त्याच्याशेजारी फोटो काढतात. एका संशोधिकेने १९५६ ते २००७ मधले असे फोटो मांडले. सुरुवातीला टांगलेल्या माशाचे सरासरी वजन वीस किलोच्या आसपास होते, शेवटी सव्वादोन किलोच्या. माणसांचा उत्साह आणि होडीचा दर मात्र जागच्या जागी. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये हेच सूत्ररूपाने मांडले होते: प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी पाहिलेल्या समुद्रालाच पूर्ण समुद्र समजते आणि घट तिथून मोजते.

म्हणून मासे संपले, असे कोणी म्हटले, की लोकांना खोटे वाटते. बाजारात मासे असतातच. पोंभुर्ण्याच्या आठवडी बाजारात मरळ आहे, मालवणच्या लिलावात गोब्रा आहे. नावे तीच आहेत. गेली आहे ती लांबी. जातीच्या आधी नेहमी आकार जातो, आणि आकार गेल्याची नोंद कुठल्याही कार्यालयात होत नाही. आजच्या पोराला सव्वा किलोची मरळ मोठी वाटते, कारण आजोबांची मरळ कोणी मोजून ठेवली नाही.

मत्स्य सोसायट्यांच्या वह्यांत एकूण किती किलो निघाले ते लिहितात, किती रुपये आले ते लिहितात. तिथेच आणखी एक रकाना आखा: आज निघालेला सर्वात मोठा मासा, नाव, लांबी, वजन, तारीख, तलाव किंवा घाट. स्कूबाला जाणाऱ्यांनी पावाचा तुकडा होडीत ठेवून खाली जावे आणि वर आल्यावर प्रशिक्षकाला एवढेच विचारावे, तुमच्या बापाने इथे पाहिलेला सर्वात मोठा मासा केवढा होता? जे उत्तर येईल ते तारखेसकट लिहून घ्या. पुढच्या पिढीला घट मोजायला दुसरे काही हाताशी नसेल.